लॉकडाऊनमध्ये प्राध्यापिकांचा वेळ कुठे गेला? दोडामार्गच्या निमित्ताने एक हिशेब

मार्च २०२०मध्ये महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले, पण तास बंद झाले नाहीत. फळा मोबाइलच्या पडद्यावर आला, स्टाफरूम व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली आणि घरातलं एखादं टेबल, कधी पडवी, कधी माजघराचा कोपरा वर्ग झाला. प्राध्यापक आणि प्राध्यापिका दोघांचंही काम घरी आलं. पण घरी आलेल्या या कामाच्या शेजारी आधीपासून जे काम होतं, ते दोघांच्या वाट्याला सारखं नव्हतं.

याला आता पाच वर्षांहून अधिक काळ उलटला आहे. त्या वेळी नोकरीच्या सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्या प्राध्यापिकांच्या बढतीच्या फायली आज तपासल्या जातात. त्यात २०२० आणि २०२१ ही वर्षं इतर कोणत्याही वर्षांसारखीच मोजली जातात. म्हणूनच तेव्हा नेमकं काय झालं, हे समजून घेणं अजूनही गरजेचं आहे.

दोडामार्गपासून सुरुवात का?

महासाथीतल्या स्त्री-संशोधकांविषयी जे लिहिलं गेलं, ते बहुतांशी मोठ्या विद्यापीठांतल्या, प्रयोगशाळांतल्या स्त्रियांविषयी आहे. भारतातलं उच्च शिक्षण मात्र प्रामुख्याने संलग्न महाविद्यालयांत चालतं आणि त्यातली बरीच महाविद्यालयं तालुक्याच्या गावी आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा दोडामार्ग तालुका सावंतवाडीतून वेगळा होऊन १९९९मध्ये अस्तित्वात आला. एका बाजूला गोवा, दुसऱ्या बाजूला कर्नाटक आणि मध्ये तिलारीचं खोरं. काजू, सुपारी, केळीच्या बागा, डोंगरात विखुरलेल्या वाड्या आणि जेमतेम रेंज. जिल्ह्यातली वरिष्ठ महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत, म्हणजे विद्यापीठ पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. बाजारहाट, रोजगार आणि मोठं हॉस्पिटल यांसाठी मात्र दोडामार्गकर म्हापसा, डिचोली, बांबोळीकडे बघतो.

इथल्या घरांची घडणही लक्षात घ्यायला हवी. कमावती माणसं मुंबईला किंवा गोव्यात आणि म्हातारी माणसं गावात, हे कोकणाचं जुनं चित्र आहे. सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या हजाराहून जास्त आहे. अशा जिल्ह्यात गावात राहून नोकरी करणारी स्त्री बहुतेकदा घरातल्या ज्येष्ठांचाही आधार असते.

२०२० आणि २०२१मध्ये एकाच वेळी काय काय घडलं?

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२०पासून लागू झाली. गोव्याने सीमा बंद केल्या आणि त्या १ सप्टेंबर २०२०ला खुल्या झाल्या. रोज सीमा ओलांडून नोकरीला जाणाऱ्या दोडामार्गच्या घरांसाठी हा मोठा धक्का होता. नोकरीवर गोव्यात राहायचं किंवा नोकरी सोडून घरी बसायचं, एवढेच पर्याय अनेकांपुढे होते. मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या आदेशानंतर निगेटिव्ह अहवालाशिवाय गोव्यात प्रवेश मिळेना, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. घरातला पुरुष सीमेपलीकडे अडकला, तर अलीकडचं सगळं घर एकट्या स्त्रीवर आलं.

उन्हाळ्यात चाकरमानी गावी परतू लागले. गणपतीसाठी येणाऱ्यांना २०२०मध्ये दहा दिवसांचं विलगीकरण होतं. म्हणजे एकाच घरात वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळं ताट आणि वाढलेली माणसं. त्या वर्षी गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. त्याच आठवड्यात, २८ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांना पदवी देता येणार नाही, असा निकाल दिला. महाराष्ट्र सरकारने परीक्षा रद्द करण्याची भूमिका घेतली होती. ती बदलावी लागली. मुंबई विद्यापीठाने महाविद्यालयांचे गट करून ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा घेतली. प्रश्नसंच तयार करणं, विद्यार्थ्यांना सराव परीक्षा देणं, ज्यांना लॉगइन होत नाही त्यांना फोनवरून समजावणं, ही कामं शिक्षकांनीच केली.

मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं आणि विजेचे खांब कोसळले, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. लाइट नाही म्हणजे मोबाइल चार्ज नाही, टॉवर बंद, तास बंद.

रेंजचा प्रश्न किती गंभीर होता, हे २०२०च्या पावसाळ्यात देशाने पाहिलं. कणकवली तालुक्यातल्या दारिस्ते गावची, मुंबईत पशुवैद्यकीय शिक्षण घेणारी एक विद्यार्थिनी रेंज मिळते म्हणून डोंगरावर बांधलेल्या झोपडीत बसून अभ्यास करत होती. तिची बातमी सगळीकडे गाजली. अशा विद्यार्थ्यांना शिकवणारी प्राध्यापिकाही बऱ्याचदा तशाच वाडीत, तशाच रेंजच्या शोधात होती, ही बाजू मात्र बातमीत आली नाही.

मुलांच्या शाळा किती काळ बंद होत्या?

प्राध्यापिकांच्या वेळेच्या हिशेबातला हा कदाचित सर्वांत मोठा आकडा. महाराष्ट्रातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२०मध्ये बंद झाले आणि १ डिसेंबर २०२१ला सुरू झाले. म्हणजे साधारण वीस महिने. अंगणवाड्याही बंद होत्या. ग्रामीण भागातल्या पाचवीपासून पुढच्या वर्गांना ४ ऑक्टोबर २०२१ची वाट पाहावी लागली. मधल्या काळात काही वर्ग थोडे दिवस भरले आणि पुन्हा बंद झाले.

सात वर्षांच्या मुलाचा ऑनलाइन वर्ग म्हणजे प्रत्यक्षात शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाचा वर्ग. आवाज चालू कर, वही दाखव, बाईंनी काय सांगितलं ते लिही. घरात एकच चांगला मोबाइल असेल, तर आईचा तास आणि मुलाचा तास एकाच वेळी होऊ शकत नव्हते. ज्या घरात आजी-आजोबा मुलं सांभाळत, तिथे संसर्गाच्या भीतीने त्यांनाच सांभाळायची वेळ आली होती.

घरकामाचे आकडे काय सांगतात?

महासाथीच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१९मध्ये, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली. दिवसाच्या चोवीस तासांत माणसं काय करतात, याची नोंद त्यात होती. निष्कर्ष असे होते :

– घरातल्या लोकांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८१.२ टक्के, तर पुरुषांचं २६.१ टक्के.

– हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत, पुरुष ९७ मिनिटं.

– मुलं, आजारी आणि वृद्ध माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटं देत, पुरुष ७६ मिनिटं.

हे सर्व स्त्रियांचे आकडे आहेत, फक्त नोकरदार स्त्रियांचे नव्हेत. तरी त्यातून सुरुवातीची रेषा कळते. महासाथ येण्याआधीच घरकाम करणारी स्त्री ते करणाऱ्या पुरुषाच्या तिप्पट वेळ त्यासाठी देत होती आणि बहुसंख्य पुरुष ते करतच नव्हते.

२०२४मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. घरकामाला स्त्रिया २८९ मिनिटं आणि पुरुष ८८ मिनिटं देत असल्याचं दिसलं. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषांचीही नऊ मिनिटं कमी झाली. दोघांमधलं अंतर दोनशे मिनिटांच्या आसपास तिथेच राहिलं. टाळेबंदीत घरात एकत्र राहिल्याने पुरुषांना घरकामाची सवय लागेल, ही तेव्हाची आशा या आकड्यांत तरी दिसत नाही.

पण पुरुषही घरीच होते. वाटणी बदलली नाही का?

सुरुवातीला बदलली. अर्थतज्ज्ञ अश्विनी देशपांडे यांनी ‘सीएमआयई’च्या कुटुंब-पाहणीच्या आधारे याचा अभ्यास केला. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदी सर्वांत कडक असताना, पुरुषांचे घरकामाचे तास वाढले आणि बहुतेक राज्यांत स्त्री-पुरुषांमधलं अंतर कमी झालं. ऑगस्टपर्यंत पुरुषांचे तास पुन्हा घटले, मात्र ते महासाथीआधीच्या पातळीपेक्षा थोडे वरच राहिले.

याचा अर्थ असा की पुरुषांना घरकाम जमत नाही, हा प्रश्न नव्हता. वेळ होता तेव्हा त्यांनी केलं. बाहेरचं काम सुरू होताच ते कमी झालं. स्त्रियांच्या बाबतीत मात्र बाहेरचं काम सुरू असतानाही घरकाम कमी होत नाही. पुरुषाचं घरकाम ही वेळ उरल्यावर केलेली मदत धरली जाते आणि स्त्रीचं घरकाम ही जबाबदारी.

आणखी एक भाग मिनिटांत मोजता येत नाही. गॅस संपत आला आहे, सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी दोन दिवसांची उरली आहे, मुलाचा स्वाध्याय उद्या पाठवायचा आहे, ही यादी कुणाच्या डोक्यात असते? नवऱ्याने दुकानातून सामान आणलं तरी काय आणायचं हे सांगणारी व्यक्ती बहुतेक घरांत ठरलेली असते.

गंमत म्हणजे, जून २०१९मध्येच बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पुरुष आणि स्त्री दोघंही भाजी निवडत असल्याचं चित्र आलं होतं आणि त्याची बरीच चर्चा झाली होती. ते पुस्तक हातात घेतलेली मुलं पुढचं जवळजवळ संपूर्ण वर्ष-दीड वर्ष घरी बसून होती. पुस्तकातलं चित्र आणि समोरचं स्वयंपाकघर त्यांना शेजारी-शेजारी पाहायला मिळालं.

संशोधनावर नेमका काय परिणाम झाला?

इथे एक साधी गोष्ट समजून घ्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला ४० तासांपेक्षा कमी नसावा. त्यात सहायक प्राध्यापकाने १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. उरलेल्या २४ तासांत तयारी, परीक्षेचं काम, समित्या, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि संशोधन.

शिकवण्याच्या तासाची वेळ ठरलेली असते. साडेदहाचा तास साडेदहालाच घ्यावा लागतो. परीक्षेच्या कामाची शेवटची तारीख असते. संशोधनाला मात्र अशी घंटा नसते. आज निबंध लिहिला नाही तर कुणी फोन करून विचारत नाही. म्हणून घरातलं काम वाढलं की सर्वांत आधी संशोधनाचा वेळ कापला जातो. तास बुडत नाही, स्वयंपाक बुडत नाही, बुडतो तो शोधनिबंध.

जगभरातल्या अभ्यासांत हेच दिसलं. अमेरिका आणि युरोपातल्या सुमारे साडेचार हजार वरिष्ठ संशोधकांची एप्रिल २०२०मध्ये पाहणी झाली. ‘नेचर ह्युमन बिहेव्हिअर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, संशोधनाचा वेळ सर्वाधिक घटला तो लहान मुलं असलेल्यांचा. पाच वर्षांपर्यंतचं मूल घरात असेल, तर इतरांच्या तुलनेत ही घट १७ टक्के जास्त होती आणि स्त्रियांची घट पुरुषांपेक्षा ५ टक्के अधिक होती.

‘एल्सव्हिअर’ या प्रकाशनसंस्थेच्या २,३००हून अधिक नियतकालिकांकडे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आलेल्या लेखांची २०१८ ते २०२० अशी तुलना झाली. पहिल्या लाटेत लेखांची संख्या एकूण वाढली, पण स्त्रियांनी पाठवलेल्या लेखांचं प्रमाण पुरुषांच्या तुलनेत घटलं. ही घट कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्या स्त्रियांमध्ये जास्त होती. कोविडवरच्या वैद्यकीय शोधनिबंधांच्या आणखी एका अभ्यासात, पहिली लेखिका स्त्री असण्याचं प्रमाण त्याच नियतकालिकांतल्या २०१९च्या निबंधांपेक्षा १९ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज निघाला.

म्हणजे टाळेबंदीने काहींना लिहायला निवांत वेळ दिला आणि काहींचा होता तो वेळही काढून घेतला. तोटा दुहेरी होता : स्वतःचं लेखन मागे पडलं आणि त्याच काळात शेजारच्याचं पुढे गेलं.

विद्यार्थ्यांना धीर देण्याचं काम कुठे नोंदलं जातं?

महासाथीत शिक्षकांच्या कामात आणखी एक गोष्ट वाढली. घरात आजारपण, कमावत्याची नोकरी गेलेली, मुलीचं शिक्षण थांबवून लग्नाची बोलणी सुरू, रिचार्जला पैसे नाहीत, अशा अडचणी घेऊन विद्यार्थी फोन करत. तालुक्याच्या महाविद्यालयात मुली अशा वेळी मॅडमनाच फोन करतात, कारण काही गोष्टी सरांना सांगता येत नाहीत.

महाविद्यालयांतलं सांभाळून घेण्याचं काम स्त्रियांकडे जास्त जातं, हे महासाथीच्या आधीपासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं की, ज्या कामाचा बढतीला उपयोग नाही, अशी कामं स्त्रियांना जास्त सांगितली जातात आणि त्या ती जास्त स्वीकारतात. समारंभाची तयारी, अहवालाचं टंकन, विद्यार्थ्यांची समजूत ही कामं संस्थेला हवी असतात, पण बढतीच्या गुणपत्रिकेत त्यांचं वजन शोधनिबंधाएवढं नसतं.

बढतीशी याचा थेट संबंध काय?

महाविद्यालयातल्या शिक्षकांना ‘कॅस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतून पुढची वेतनश्रेणी मिळते. ठरावीक वर्षांची सेवा, उजळणी वर्ग, अध्यापनाची नोंद आणि वरच्या टप्प्यांवर संशोधन, असे तिचे निकष आहेत. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. लागते. २०१८च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात प्राध्यापकपदापर्यंत जाण्यासाठी किमान १० शोधनिबंध लागतात आणि त्यातले तीन मूल्यमापनाच्या काळातले असावे लागतात. एक टप्पा लांबला की पुढचे सगळे टप्पे लांबतात, वेतनवाढ लांबते आणि शेवटी निवृत्तीनंतरच्या लाभांवरही परिणाम होतो.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०–२१मध्ये देशात १५ लाख ५१ हजार शिक्षक होते आणि त्यात स्त्रिया ४२.९ टक्के होत्या. ही संख्या दर वर्षी थोडी वाढते आहे. पण पदाची पायरी जसजशी चढावी, तसं स्त्रियांचं प्रमाण कमी होत जातं. महासाथीत गेलेली दोन वर्षं या घसरणीत भर घालणार का, हा खरा प्रश्न आहे.

इथे नियमातली एक फट महत्त्वाची ठरते. प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजेवर असलेल्या शिक्षिकेचा तो काळ मूल्यमापनातून वगळावा आणि बढतीत तिचं नुकसान होऊ नये, अशी तरतूद २०१८च्या नियमांत आहे. तरतूद चांगली आहे. पण महासाथीत बहुतेक प्राध्यापिका रजेवर नव्हत्या. त्या कामावर होत्या, तास घेत होत्या, परीक्षा घेत होत्या आणि त्याच वेळी मुलंही सांभाळत होत्या. नियम दोनच अवस्था ओळखतो : कामावर किंवा रजेवर. एकाच वेळी दोन्हीकडे असणं, हा रकाना अर्जात नाही.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापिकांचं काय झालं?

बढतीची चर्चा कायम नोकरी असलेल्यांसाठी. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे ‘सीएचबी’ शिक्षकांवर चालतो. २०१८च्या शासननिर्णयानुसार पदवी वर्गाच्या एका तासाचं मानधन ५०० रुपये होतं. महिन्याला तीस तास मिळाले तर पंधरा हजार रुपये, तेही शैक्षणिक वर्ष सुरू असेपर्यंत. तास नाही तर पैसे नाहीत. रजा, पाळणाघर, वैद्यकीय सवलत यांचा प्रश्नच येत नाही.

४ मे २०२०ला राज्याच्या वित्त विभागाने आरोग्यासारखे अपवाद वगळता नवी पदभरती थांबवली. नेट-सेट किंवा पीएच.डी. करून कायम जागेची वाट पाहणाऱ्या उमेदवारांसाठी हा मोठा फटका होता. लग्न होऊन सासरच्या तालुक्यात आलेल्या उच्चशिक्षित स्त्रीला जवळच्या महाविद्यालयात तासिका मिळणं, हाच बऱ्याचदा एकमेव व्यावसायिक धागा असतो. पुरुष उमेदवार दुसऱ्या जिल्ह्यात जागा शोधू शकतो. घर आणि मुलं मागे ठेवून जाणं स्त्रीला तितकं सोपं नसतं. मानधन थांबलं की घरातले सहज म्हणतात, एवढ्यासाठी कशाला धावपळ? आणि तो धागा तुटतो. अशी तुटलेली कारकीर्द कोणत्याही बढतीच्या आकडेवारीत दिसत नाही, कारण ती व्यक्ती मोजणीतूनच बाहेर पडलेली असते.

ऑनलाइन कामाचा काहीच फायदा झाला नाही का?

झाला, आणि तो नाकारून चालणार नाही. उजळणी वर्ग, चर्चासत्रं, कार्यशाळा ऑनलाइन झाल्या. दोडामार्गहून मुंबईच्या चर्चासत्राला जायचं तर रात्रभरचा प्रवास, राहण्याची सोय आणि घरी दोन-तीन दिवसांची व्यवस्था लागते. लहान मूल असलेल्या स्त्रीसाठी ते जवळजवळ अशक्य. ऑनलाइनमुळे ती देशातल्या कोणत्याही विद्यापीठाच्या कार्यक्रमाला हजर राहू शकली. आंतरराष्ट्रीय परिषदा ऑनलाइन झाल्यावर त्यातला स्त्रियांचा सहभाग बराच वाढल्याचं ‘नेचर सस्टेनॅबिलिटी’मधल्या २०२१च्या अभ्यासातही दिसलं. २०२३मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात ऑनलाइन वर्गांची सोय पुढेही राहिली आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या निवासी उजळणी वर्गाला गेलेली प्राध्यापिका तेवढे दिवस घरापासून खरोखर मोकळी असे. संध्याकाळी ग्रंथालय, इतर महाविद्यालयांतल्या मैत्रिणी, नव्या विषयांवर गप्पा. घरचेही तेवढे दिवस निभावून नेत. ऑनलाइन वर्गात ती घरीच दिसते. दोन सत्रांच्या मध्ये डाळ शिजायला लागते, पाहुणे आले तर चहा टाकावा लागतो. वर्ग पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र तेच मिळतं, पण मोकळा वेळ मिळत नाही.

सर्वांना सारखी मुदतवाढ दिली, ते पुरेसं नव्हतं का?

आयोगाने पीएच.डी. प्रबंध सादर करायला आधी सहा महिने आणि पुढे टप्प्याटप्प्याने मुदतवाढ दिली. त्याची गरज होतीच. शिवाय २०१६च्या नियमांत स्त्री-संशोधकांना पीएच.डी.साठी दोन वर्षं जादा आणि प्रसूती वा बालसंगोपनासाठी एकदा २४० दिवसांपर्यंत रजा अशी सवलत होती.

मात्र सर्वांना सारखा जादा वेळ देणं नेहमी न्याय्य ठरतंच असं नाही. अमेरिकेतल्या आघाडीच्या अर्थशास्त्र विभागांत मूल झाल्यावर आई आणि वडील दोघांनाही कायम नोकरीच्या मूल्यमापनासाठी जादा वर्ष देण्याचं धोरण आलं. ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये २०१८ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष धक्कादायक होता. या धोरणानंतर पुरुषांना कायम नोकरी मिळण्याचं प्रमाण वाढलं आणि स्त्रियांचं घटलं. कारण जादा वर्षात अनेक पुरुषांनी संशोधन केलं आणि स्त्रियांचं वर्ष बाळाच्या संगोपनात गेलं. कॅलेंडरवरची मुदत सारखी होती. त्या मुदतीत हाती येणारे तास सारखे नव्हते.

महासाथीतली मुदतवाढही याच तराजूत तोलून पाहावी लागते. सहा महिने जास्त मिळाले, पण ते सहा महिने शाळा बंद असलेल्या घरात मिळाले.

मग काय करता येईल?

काही उपाय खर्चिक नाहीत.

पहिला, बढतीच्या अर्जासोबत महासाथीच्या काळाचं एक पानी निवेदन घेणं. त्या दोन वर्षांत घरात कोणती जबाबदारी होती, शिकवण्याचं आणि परीक्षेचं कोणतं जादा काम केलं, संशोधन का थांबलं, हे त्यात लिहिता येईल. परदेशातल्या काही विद्यापीठांनी अशी निवेदनं स्वीकारली. ती स्त्री-पुरुष दोघांसाठी असावीत. घरातली काळजीवाहू व्यक्ती पुरुष असेल तर त्यालाही त्याचा लाभ मिळावा.

दुसरा, विद्यार्थ्यांना दिलेला वेळ मोजणं. आयोगाच्या जानेवारी २०२५च्या मसुदा नियमांत केवळ गुणांची बेरीज सोडून नऊ प्रकारच्या उल्लेखनीय योगदानांपैकी किमान चार पाहावीत, असा प्रस्ताव मांडला गेला. मूल्यमापनाची चौकट बदलण्याची चर्चा सुरू असेल, तर समुपदेशन आणि मार्गदर्शनाला तिथे स्पष्ट जागा मागण्याची हीच वेळ आहे.

तिसरा, पाळणाघर. २०१७च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. तालुक्याचं लहान महाविद्यालय बहुतेकदा या आकड्याच्या आत राहतं. पण कायदा सामाईक सोयीलाही वाव देतो. महाविद्यालय, शाळा, तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय आणि नगरपंचायत मिळून तालुक्याच्या गावी एक पाळणाघर चालवू शकतात. त्याचा उपयोग परिचारिका, तलाठी आणि शिक्षिका सगळ्यांना होईल.

चौथा, रजेच्या नियमांतली गृहीतकं बदलणं. आयोगाच्या नियमांत बालसंगोपन रजा ७३० दिवसांपर्यंत आहे, पण ती स्त्रियांसाठी. वडिलांना पितृत्व रजा १५ दिवसांची. राज्य सरकारने २०१८मध्ये महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषाला ती पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच मिळते. म्हणजे आई धडधाकट असेपर्यंत मूल सांभाळणं हे तिचंच काम, असं नियमच सांगतो. सवलत स्त्रीला मिळते आणि तिच्यासोबत जबाबदारीचा शिक्काही.

पाचवा, आणि सर्वांत सोपा : नोंद. प्रत्येक विद्यापीठाकडे बढतीच्या अर्जांची माहिती असते. २०२०नंतर कुणाचे अर्ज वेळेत आले, कुणाचे लांबले, पीएच.डी. कुणाची अर्धवट राहिली, तासिका तत्त्वावरचं कोण परत आलं नाही, हे स्त्री-पुरुष असं वेगळं करून प्रसिद्ध करायला नवा निधी लागत नाही. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने ‘गती’ या उपक्रमातून काही निवडक संस्थांना असं आत्मपरीक्षण करायला लावलं आहे. त्याची पोहोच विज्ञानाच्या मोठ्या संस्थांपर्यंत आहे; कला आणि वाणिज्य शिकवणाऱ्या तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत ते विद्यापीठानेच न्यायला हवं.

याचा परिणाम फक्त प्राध्यापिकांवर होतो का?

दोडामार्गसारख्या तालुक्यात पदवीला येणाऱ्या अनेक मुली त्यांच्या घरातल्या महाविद्यालयात पोहोचलेल्या पहिल्या स्त्रिया असतात. शिकलेली, कमावती, संशोधन करणारी स्त्री त्यांना सर्वांत जवळून दिसते ती वर्गात. ती प्राध्यापिका वीस वर्षं त्याच पदावर राहिली, पीएच.डी. अर्धवट सोडून दिली किंवा तासिका बंद झाल्यावर दिसेनाशी झाली, तर पुढे शिकून काय होतं, याचं उत्तर मुली त्यावरून काढतात.

महासाथ पुन्हा येईल का, हे वेगळं. पण वादळ, पूर, शाळांच्या सुट्ट्या, घरातलं दीर्घ आजारपण हे कोकणात दर वर्षीचं आहे, आणि त्या प्रत्येक वेळी तोच हिशेब छोट्या प्रमाणावर पुन्हा मांडला जातो. २०२० आणि २०२१चे जे अर्ज आज समित्यांच्या टेबलावर आहेत, त्यांत मोकळा राहिलेला शोधनिबंधांचा रकाना आळसाचा पुरावा मानायचा की त्या वीस महिन्यांचा, हे समित्यांनीच ठरवायचं आहे. त्यासाठी नियम बदलण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. अर्जासोबत एक पान जोडायची परवानगी पुरेशी आहे.